केरूने निवडलेला कन्व्हर्टर

त्या गाडीत आठ माणसं बसून घाट चढणार आहेत, हे केरूला कुणी सांगितलं नव्हतं. केरूनेही घाटाचं विचारलं नव्हतं. बाकी सगळं विचारलं होतं.

केरू मूळचा हरसूलकडचा. एकोणिसाव्या वर्षी धरणाच्या कामावर मातीच्या पाट्या उचलायला आला. तिथे माती भरणारे मोठे लोडर होते. एका लोडरचा मेकॅनिक गावी गेला तो परतलाच नाही. तेव्हा केरूने त्याचे पाने हातात घेतले आणि परत खाली ठेवले नाहीत. लोडरला क्लच नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक बंद गोल डबा असतो. आत दोन पंखे समोरासमोर. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या माराने दुसरा फिरतो आणि चाकं हलतात. हा टॉर्क कन्व्हर्टर. केरूने बेचाळीस वर्षं हेच डबे उघडले आणि बंद केले. पाथर्डी फाट्याजवळ त्याची पत्र्याची शेड आहे. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बिघडला की नाशिकमधले बाकीचे गॅरेजवाले तिकडे बोट दाखवतात.

मी सातपूरला चौतीस वर्षं टर्नर होतो. निवृत्तीनंतर घरामागे एक जुना लेथ ठेवला आहे. कन्व्हर्टरचं वेल्डिंग मी लेथवर कापतो, केरू आतलं काम करतो, मग आम्ही तो पुन्हा जोडतो आणि मी तो फिरवून बघतो. गेजचा काटा दोन रेघांच्या बाहेर गेला तर सगळं परत कापायचं. केरूने कधी ‘चालंल’ म्हटलं नाही, म्हणून मी त्याच्याबरोबर काम करत होतो. एकदा म्हटलं. ते पुढे येईल.

त्याची एक पद्धत होती. नवा कन्व्हर्टर निवडायचा असेल तर तो इंजिनाबद्दल नंतर विचारायचा. आधी गिऱ्हाइकाला एक कोरा कागद द्यायचा आणि सांगायचा, सात दिवसांत गाडी कुठे कुठे जाते ते लिही. कोणता रस्ता, किती सिग्नल, गाडीत माणसं किती. लोक हसायचे. पण कागद भरल्याशिवाय केरू पाना उचलत नसे.

असंच एक गिऱ्हाईक स्वराज, मखमलाबादकडचा. घरची फुलशेती, आजी ठमाबाई अजूनही पहाटे झेंडू तोडायला उभी राहते. नातवाने फुलं विकण्याऐवजी लग्नाच्या सजावटीचं काम उभं केलं आणि ते चाललं. वय सव्वीस. मुंबईहून त्याने एक जुनी अमेरिकन गाडी आणली होती. लांबलचक, पुढे बाकासारखी सलग सीट. तिच्यात नव्याने बांधलेलं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. रोज शहरात फिरवायची आणि हिवाळ्यात ड्रॅग रेसला उतरवायची, असा त्याचा बेत. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्ता, पाव मैल, दोन गाड्या, जो आधी पोचेल तो.

केरूने कागद दिला.

“काका, तुम्ही कन्व्हर्टर देता की लग्न जमवता?” स्वराज म्हणाला.

“लग्न सोपं असतंय. तिथं पटलं नाय तर माहेरी जाता येतं. हा डबा एकदा बसला का खाली उतरवायला दोन दिवस जात्यात. लिही.”

स्वराजने लिहिलं. कॉलेज रोड, गंगापूर रोड, गोदाम, मंगल कार्यालयं. माणसं एक किंवा दोन. रविवारी मोकळा हायवे. मोसमात रेस. अक्षर चांगलं होतं. मीही तो कागद वाचला. मलाही त्यात काही कमी दिसलं नाही.

टेबलावर तीन डबे होते. गाडीचा मूळचा बारा इंची, एक अकरा इंची, आणि स्वराजने परदेशातून मागवलेला नऊ इंची. प्रत्येक डब्याचा एक आकडा असतो. इंजिनाचे मिनिटाला तितके फेरे झाले की मग डबा नीट ओढायला लागतो. त्याखाली इंजिन ओरडतं, आत तेल नुसतं घुसळतं, गाडी सुस्त राहते. घुसळलेलं तेल तापतं. रेसला आकडा मोठा लागतो, कारण सुटतानाच इंजिन पूर्ण जोरात हवं. रस्त्याला लहान लागतो. डबा जितका लहान, तितका आकडा मोठा.

“हा नऊ इंची चार हजाराचा हाय,” केरू म्हणाला. “हा घरी घेऊन जा. शोकेसमध्ये ठेव.”

“रेसवाले सगळे हाच टाकतात.”

“रेसवाले गाडी ट्रकवर घालून नेत्यात. तू सिग्नलला उभा राहणार. तेल करपंल.”

“मग किती?”

“अकरा इंची. चोवीसशे.”

स्वराजने मान हलवली. चोवीसशेवर गाडी सुटताना मरते, म्हणाला. त्याने मोबाइलवर चार जणांच्या गाड्या दाखवल्या. इंजिनाचा ताकदीचा पट्टा तीन हजारांपासून सुरू होतो, हे बरोबर होतं आणि ते केरूलाही माहीत होतं. तासभर वाद चालला. शेवटी केरूने स्वतःकडचा एक दहा इंची डबा काढला. आतल्या पंख्याची पाती थोडी वाकवली तर तो तीन हजारावर येणार होता.

“पुढं मोठा ऑइल कूलर लावायचा, पंख्यासकट. तर तीन हजार देतो.”

“पुढची जाळी कापायची नाही, काका. त्या जाळीसाठीच गाडी घेतली. कूलर खाली लावा, लहान. रेस तेरा सेकंदांची असते. तेल तापायला वेळ कुठे आहे?”

केरूने पुन्हा तो कागद उचलला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

“तीन हजार, लहान कूलर. या कागदाला चालंल, अण्णा?”

मी गेज पुसत होतो. मी म्हणालो, “कागदाला चालेल.”

नऊ दिवस काम केलं. वेल्डिंग कापलं, केरूने एकेक पातं साच्यावर धरून वाकवलं, पुन्हा जोडलं. पहिल्यांदा काटा तीन रेघा हलला. परत कापलं. दुसऱ्यांदा दीड. डबा गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसला की नाही हे केरू कान लावून बघायचा. तीन टप्प्यांत बसतो, तिसऱ्या टप्प्याला वेगळा आवाज येतो. त्याने डॅशबोर्डखाली तेलाच्या तापमानाचं मीटर लावलं आणि काचेवर लाल रेघ ओढली. स्वराजला समोर उभं करून सांगितलं, “काटा इथं आला का थांबायचं. देव जरी आडवा आला तरी थांबायचं.” सोमवारी संध्याकाळी गाडी गेली.

त्या कामात चुकीचा एक सांधा नव्हता. हे मी आजही सांगतो. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

मंगळवारी सकाळी मी केरूच्या शेडवर होतो. पन्नास किलोमीटर झाले की तेल बघायचं, म्हणून त्याने स्वराजला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मग स्वराजच्या वडिलांना, फकिरा यांना लावला. फोन स्पीकरवर होता.

“केरूभाऊ, गाडी झकास झाली बरं का. सकाळीच पूजा केली, नऊला निघाले सगळे.”

“कुठं निघाले?”

“कुठं म्हंजे? गडावर. आईला घेऊन. नव्या गाडीची पहिली फेरी देवीची. ट्रॅक्टर आणला तेव्हाबी तेच केलं.”

केरू उभा राहिला. “किती जण?”

“आठ. माझीबी जागा होती, पण बाजारात माल द्यायचा होता.”

“फकिराभाऊ, त्या पोराला फोन करा. नांदुरीला थांबायला सांगा. घाट चढू नका म्हणावं.”

पलीकडे फकिरा हसले. “थांबायचं नसतंय. आमच्या घरची रीत हाय. उंबऱ्यापासून निघालेलं चाक देवीच्या पायऱ्यांपाशीच थांबवायचं. मधी कुणी पायसुदिक खाली टेकवत नाय.”

केरूने फोन ठेवला. मग त्याने फळीवरचा तो कागद काढला. मीही वाकून बघितला. सात दिवस होते. गड नव्हता. स्वराजने लपवलं नव्हतं. देवाला जाणं म्हणजे गाडी चालवणं, असं त्याने धरलंच नव्हतं. त्यांच्या घरात कुणीच धरत नसणार.

“आठ माणसं,” केरू म्हणाला. “घाटात पहिल्या गिअरवर दोन हजारसुदिक फेरे व्हायचे नायत. तीन हजार होणारच नाय. धा किलोमीटर नुसतं तेल घुसळंल.”

“तापलं तर काय होईल?”

“फुगंल. फुगलं का वरच्या नळीतून बाहेर येईल. नळीच्या खालूनच सायलेन्सरचा पाइप जातो.” तो थांबला. “लाल होतो तो पाइप, अण्णा.”

माझी मोटारसायकल काढली. दहाला दहा मिनिटं कमी होती.

दिंडोरीपर्यंत केरू मागे बसून फोन लावत होता. फकिराही लावत होते. रिंग जात होती. एवढ्या इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? वणीच्या पुढे रिंगही बंद झाली. ऊन चढलं होतं. द्राक्षबागांवर औषध मारणं चालू होतं, त्याचा वास नाकात बसला. मी ताशी सत्तरच्या खाली आलो नाही. अडुसष्टाव्या वर्षी ते शहाणपणाचं नव्हतं.

नांदुरी सोडून घाट लागला. पहिल्या वळणावर केरूने पाठीवर थाप मारली. मी थांबलो. डांबरावर एक थेंब होता. गिअरबॉक्सचं तेल लाल असतं, ते दुसऱ्या कशासारखं दिसत नाही. केरूने बोट लावलं, वास घेतला.

“लाल हाय अजून. पण गरम हाय.”

पुढचा थेंब शंभर पावलांवर सापडला. मग साठ. मग तीस. मी हळू चालवत होतो आणि केरू मागून रस्त्यावर बघत अंतरं सांगत होता. चौथ्या किलोमीटरला त्याने परत थांबवलं. हे तेल लाल नव्हतं, चहाच्या रंगाचं होतं. वास करपलेला, मलाही आला.

“आता चाकं ओढत नसणार,” केरू म्हणाला. “तो अॅक्सिलेटर जास्त दाबंल. अजून तापंल.”

एक एसटी वरून खाली आली. ड्रायव्हरने हात बाहेर काढून मागे, वरच्या बाजूला दाखवलं आणि काहीतरी ओरडला. कळलं नाही. पुढच्या दोन वळणांवर थेंब नव्हते. सलग ओळ होती.

गाडी वळणाच्या आधी, चढावर उभी होती. चाकांना दगड लावलेले. बॉनेट उघडं, त्यातून धूर. पांढरा. बायका-मुलं कठड्याशी उभी होती. स्वराजला धरून मी मोजली. सात.

स्वराज तेलाचा डबा घेऊन इंजिनावर वाकला होता. “काका! कसे आलात? काटा टोकाला गेला, पण आजी म्हणाली आता थोडंच राहिलं. तेल टाकतो आणि—”

“ठेव तो डबा खाली! थेंब नको पाडू!” केरू ओरडला. “आग विझवायचा सिलिंडर कुठंय?”

रेसच्या नियमाप्रमाणे तो सीटखाली बसवलेला होता. स्वराजने बायकोकडे बघितलं. भाग्यश्री म्हणाली, “पायात येत होता, म्हणून घरी काढून ठेवला. तिथे पूजेच्या सामानाचं घमेलं ठेवलंय.”

“आणि आजी?”

ठमाबाई गाडीतच होत्या. पुढच्या सीटवर, खिडकीशी, पदर डोक्यावर, ताट मांडीवर. पायाखालून धूर येत होता.

केरूने दार उघडलं. “आजी, उतरा.”

“तू कोण रे?”

“ह्या गाडीचा मेकॅनिक.”

“मंग दुरुस्त कर अन् चल. चाक थांबवलं ते थांबवलं. माझा पाय नाय लागायचा मधी.”

“आजी, गाडी पेटंल.”

“देवीच्या दारात?”

“देवीचा काय संबंध नाय. मी चुकीचा डबा बसवला. तुम्ही बसणार हाय हे मी विचारलं नाय. माझी चूक हाय, तुमची नाय, देवीची नाय. उतरा.”

ठमाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. “चूक केली म्हणतोस. केवढं तोंड करून सांगतोस. कुठला तू?”

“हरसूलचा.”

“डोंगरातला. मंग पायाचं तुला कळंल. नाय उतरणार.”

स्वराज मागून ओरडत होता, आजी, प्लीज. मुलं रडायला लागली. इंजिनाच्या बाजूने भक्क असा आवाज झाला. मोठा नाही, गॅस पेटवताना होतो तेवढा. धूर काळा झाला आणि बॉनेटच्या फटीतून ज्वाळा दिसली.

केरूने ताट उचलून माझ्या हातात दिलं. एक हात आजीच्या गुडघ्यांखाली घातला, एक पाठीमागे. त्याची कंबर कायमची दुखरी आहे. चाळीस किलोचा गिअरबॉक्सही तो आता एकटा उचलत नाही. त्याने त्यांना उचललं. बाहेर काढताना त्याचा उजवा हात डॅशबोर्डखालच्या पत्र्याला लागून राहिला. त्या पत्र्यामागेच पाइप होता. हात काढला असता तर आजींचे पाय रस्त्यावर आले असते. त्याने काढला नाही. मला मांसाचा वास आला. केरूने दात आवळले होते.

तो चढावर वीस पावलं गेला.

“खाली ठेव आता,” मी म्हणालो.

“नाय ठेवणार,” केरू म्हणाला.

आजी त्याच्या खांद्याला धरून होत्या. त्यांनीही ठेव म्हटलं नाही. मागून आलेल्या एका जीपवाल्याने आणि स्वराजने रस्त्याकडेची माती ओंजळींनी आणि पूजेच्या घमेल्याने इंजिनावर टाकली. दहा मिनिटांत आग बसली. तोवर केरू उभाच होता. जीपवाल्याने मागचं दार उघडलं तेव्हा तो आजींना मांडीवर घेऊनच आत बसला, आणि जीप वर गेली. पायऱ्यांपाशी त्याने त्यांना उतरवलं. तेव्हा त्यांनी त्याचा हात बघितला.

वणीला पट्टी करून नाशिकला आणलं. कातडी गेली होती, खाली नसही दुखावली होती. चौथ्या दिवशी स्वराज दवाखान्यात आला. फळं आणली. मग म्हणाला, “काका, इंजिन वाचलंय. वायरिंग गेलं, गिअरबॉक्स गेला. आता कन्व्हर्टर कोणता टाकायचा?”

केरूने विचारलं, “आजी बसणार का त्यात?”

“बसणारच. फेरी अपुरी राहिली म्हणते. ती गाडी तिला घेऊन वर गेलीच पाहिजे, नाहीतर घरात ठेवू देणार नाही.”

“मग मूळचा बारा इंची टाक. मोठा कूलर लाव. जाळी काप.”

“पण रेस—”

केरूने तोंड भिंतीकडे फिरवलं. स्वराज निघून गेला.

आठवड्याने गाडी ट्रकवर चढवून मुंबईला गेली. तीन आठवड्यांनी परत आली, नवा रंग, पुढची जाळी तशीच. आत कोणता डबा बसवला ते फकिरांना माहीत नाही. स्वराज सांगत नाही. विचारलं की म्हणतो, या वेळी माणसं जाणकार होती.

केरू मखमलाबादला जाऊन ठमाबाईंना भेटला. मी सोबत होतो. त्या झेंडूची तोड निवडत बसल्या होत्या. केरूने डबा म्हणजे काय, तेल म्हणजे काय, सगळं सांगितलं. लोडरवरच्या नव्या माणसाला सांगावं तसं, एकेक पायरी. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

“मंग काय म्हणतोस? मी नाय बसले तर तो एकटा बसंल. त्याला कोण उचलंल?”

केरूने डाव्या हाताने ओंजळभर झेंडू त्यांच्यापुढे सरकवले.

“गाडी वर जायची ती जायची,” त्या म्हणाल्या. “पण तू चालवणार असशील तर. तो मीटर बघत नाय, तू बघशील. तुझा हात बरा झाला का सांग. तवर कुणाला बसू देत नाय मी.”

केरू हो म्हणाला.

त्याला दोन महिने झाले. रोज सकाळी तो शेडबाहेर स्टुलावर बसून रबरी चेंडू दाबतो. डॉक्टरांनी शंभर वेळा दाबायला सांगितलं, तो चारशे वेळा दाबतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाही. स्टिअरिंग धरता येईल, पण घाटात आवळून धरता येणार नाही, हे त्यालाही कळतं. परवा फकिरांचा फोन आला. आई रोज विचारते, केरूचा हात कसा आहे. स्वराजही रोज विचारतो; तोवर गाडी जागची हलत नाही.